स्टेनलेसला तेल लावणारा सावळीराम

नाशिकच्या सातपूरला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाटीवर नाव सासऱ्यांचं, कंपन्यांत हिंडून ऑर्डरी आणतो नवरा आणि गल्ल्यावर बसते मी, दीपमाला. गिऱ्हाईक म्हणजे देव असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. देव कधी दुकानात येऊन "वहिनी, ते द्या ना, ते गोल असतं बघा" असं म्हणत नाही. कुठलं गोल? माझ्या दुकानात सगळंच गोल आहे. अशा माणसांशी बोलून बोलून माझ्या नाकावर राग येऊन बसला, तो आता तिथंच राहतो.

सावळीराम काकडनं मला असं कधी विचारलं नाही. आपल्याला काय हवं ते त्याचं घरून निघतानाच ठरलेलं असायचं, आणि मी देईन ते बरोबर नसणार हेही ठरलेलं असायचं. वयानं माझ्याहून मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला 'अहो भाऊ' म्हणत असे. मनात मात्र तो कायम अरे-तुरेतलाच राहिला. काही माणसांना अहो-जाहो चिकटतच नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, तो इथल्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होता. मूळचा मखमलाबादचा. भाऊ तिथं शेवंती-झेंडू लावायचा, हा मात्र सातपूरलाच खोली घेऊन राहिलेला, सायकलवर टांग टाकून शिफ्टला यायचा. घाईचं काही लागलं की कंपनी त्यालाच आमच्याकडे पिटाळायची. तो बोल्ट उचलायचा, त्यावर नट बोटानं फिरवत शेवटपर्यंत न्यायचा आणि तोंड वाकडं करायचा.

"ह्यो काय नट हाय का वहिनी? बांगडीवानी फिरतोय."

"मग बांगडीवाल्याकडे जा."

"लय तापट बाई हाय तुम्ही."

"आणि तुम्ही काय, बर्फ विकता?"

असं झालं की तो खूश. मग पाच-पन्नास नटांतून आपल्याला पटतील तेवढे निवडायचा, खिशातून एक काळं, तेलानं माखलेलं फडकं काढायचा, एकेक नट त्यात पुसायचा आणि डब्यात ठेवायचा. ते फडकं त्याच्या अंगाचाच भाग होतं. घाम पुसायला वेगळा रुमाल होता, पण तो नेहमी घरी राहायचा.

'ढिला' ही त्याच्याकडची सगळ्यात मोठी शिवी. फोरमन ढिला, सरकार ढिलं, आमच्या दुकानाचं शटर तर फारच ढिलं. त्यानं स्वतः आवळलेला नट मात्र कुणाच्या बापाला उघडायचा नाही. स्प्रिंग वॉशर, त्यावर नट, त्यावर आणखी एक नट, आणि मग पान्याला लोंबकळून शेवटचा एक हिसका. कंपनीत एकदा म्हणे कुठलंसं मशीन हलवायचं होतं, तर त्याचे बोल्ट गॅसनं कापावे लागले. ही हकीगत तो मला कौतुकानं सांगायचा.

घरीही तेच. कुकरचं हँडल, पंख्याची पट्टी, दाराची कडी, जे हाती लागेल ते तो आवळायचा. त्याची बायको साळूबाई घोटीकडची, बुटकीशी, हसरी. ती लोणच्याची बरणी कडेवर घेऊन शेजारच्यांकडे जायची, झाकण उघडून घ्यायला. "ह्यांनी लावलंय," एवढंच म्हणायची. शेजारचा पैलवान गडी समजायचा आणि शर्टाच्या बाह्या वर करायचा.

दोन हजार सालानंतर कंपनीला माणसं जड झाली आणि सावळीरामनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिच्यातली इच्छा सगळी कंपनीची होती. दिवसभर घरात बसलेल्या फिटरइतकं धोकादायक जगात काही नसतं. त्याचा मुलगा कुंदन पुण्याला नोकरीला, लग्न झालेलं. त्यानं आईबापांना आठ दिवस हवापालटाला म्हणून बोलावलं. आपल्या माणसानं काय करावं? सुनेच्या फ्लॅटमधले झाडून सगळे नळ ढिले आहेत असं ठरवून ते आवळून टाकले. पहाटे बिचारी ललिता नळ उघडायला गेली, नळ उघडेना. तिनं जोर लावला तर मूठ तिच्या हातात आली आणि पाणी छताला लागलं. खालच्या मजल्यावरची माणसं वर धावली. कुंदन नको ते बोलला. म्हणाला, "बाबा, पुन्हा यायचं असेल तर हात खिशात घालून या."

सावळीरामनं पुढची एसटी पकडली. सातपूरच्या स्टॉपवर उतरला तेव्हा संध्याकाळची शिफ्ट सुटत होती. तिथंच सगळ्यांदेखत त्यानं जाहीर केलं, "पुन्हा पुण्यात पाऊल ठेवलं तर सावळीराम नाव लावणार नाय!" मी दुकानातून ऐकलं. कपाळाला हात लावला. कारण या माणसाचा शब्द आणि त्याचा नट, दोन्ही एकाच पान्यानं आवळलेले असायचे.

आणि पुढच्याच हिवाळ्यात कुंदनचा फोन आला. ललिताला दिवस गेले होते, तिची आई नव्हती. संक्रांतीच्या आधी साळूबाईला न्यायला येतो म्हणाला. बाळंतपण, मग बाळाची उठबस, म्हणजे वर्षभर तरी. बापाबद्दल चकार शब्द नाही. मुलगा तरी कुणाचा?

दुसऱ्या दिवशी सावळीराम दुकानात येऊन हे सांगून गेला. "जाऊ दे तिला. मला काय व्हतंय? मी मस्त राहीन." हे तो तीन वेळा म्हणाला. तिसऱ्या वेळी त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला खरं सांगायचं तर त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. हा माणूस घाबरला होता. ज्या बाईनं उभ्या संसारात त्याच्या हातचं प्रत्येक झाकण निमूट दुसऱ्याकडून उघडून आणलं, ती नसताना त्या घरात कसं राहायचं हे त्याला कळत नव्हतं. 'जाऊ नको' म्हणणं शक्य नव्हतं, लेकीसारख्या सुनेचा प्रश्न होता. 'मीही येतो' म्हणणं त्याहून अशक्य, सगळं सातपूर साक्षीला होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता.

मग आठवड्याभरानं तो आला तो वेगळाच. डोळे चमकत होते.

"वहिनी, तिनं काहीतरी मागितलं."

"कुणी?"

"कुंदनच्या आईनं. लग्न झाल्यापासून तिनं कदी पातळसुद्धा मागितलं नाय. मी आणायचो, ती नेसायची. काल पयल्यांदा मागितलं."

झालं होतं ते असं. दोघं मटार सोलत टीव्ही बघत होती. कुठल्या तरी परदेशातला माणूस दोन काठ्यांना दोरी बांधून साबणाचे फुगे काढत होता, एकेक फुगा बैलगाडीएवढा. मग त्यानं एका मुलीभोवती मोठी रिंग ठेवली, वर उचलली, आणि ती मुलगी फुग्याच्या आत उभी. साळूबाई मटार सोलायची थांबली. लहानपणी घोटीला कुंपणाच्या मोगली एरंडाचा देठ मोडून, त्याच्या चिकाचे फुगे ती फुंकायची. बोराएवढे, फार तर लिंबाएवढे. "मला एकदा आसं आत उभं राहायचंय," ती म्हणाली, आणि पुन्हा मटार सोलू लागली.

"म्हणजे ती जायच्या आत करायला हवं," मी म्हटलं.

"तर! म्हणून तर आलोय. चांगल्यातले आयहुक दाखवा."

त्या दिवसापासून माझ्या दुकानाचं वाटोळं झालं. दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं तरी सावळीराम हलायचा नाही. आधी लहान, मग मोठं, असा त्याचा हिशेब. म्हणून पहिल्यांदा दोन बांबू आणि सुती दोरी. बांबूच्या टोकाला दोरी अडकवायला त्यानं आयहुक, म्हणजे डोक्याशी गोल कडी असलेला स्क्रू घेतला, हातानं आवळला, पकडीनं आवळला, आणि बांबू उभा फाटला. मग भोक पाडून आरपार बोल्ट घातला, अर्थात स्प्रिंग वॉशर आणि डबल नटासकट. आता दोरीचं कडं बोल्टाखाली असं चेपलं की ते फिरेना. काठ्या उघडमीट करताना दोरी पीळ खाऊन मिटून जायची.

"भाऊ, हा जोड फिरता हवा," मी म्हटलं. "नट थोडा सैल सोडा."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला चोरी करायला सांगितलं.

मी नायलॉक नट काढून दिला. त्याच्या आत नायलॉनची कडी असते, त्यामुळं तो जिथं सोडाल तिथं राहतो. आवळायची गरज नाही आणि पडायचीही भीती नाही. सावळीरामला तो माहीत नव्हता असं नाही. त्याला तो मान्य नव्हता.

"ह्ये भित्र्याचं काम हाय. नट आवळायचा नाय तर लावायचा कशाला?"

"अडकवून ठेवायला. दाबून मारायला नाही."

त्या दुपारी आम्ही एवढे भांडलो की शेजारचा चहावाला दोनदा डोकावून गेला. शेवटी तो नट घेऊन गेला, "तुमच्या समाधानाला" असं बजावून.

रोज एक नवी तक्रार. दोरीला खाली ओढायला लोखंडी नट बांधला तर साबणाचं पाणी दोन दिवसांत तांबूस झालं, म्हणून पितळी नट. बोल्टाचं टोक बाहेर यायचं आणि साबणाचा पडदा त्याला लागून फाटायचा, म्हणून टोपीवाले डोम नट. मला कंटाळा आला. मी सांगितलं, "आता सगळं स्टेनलेसचं घ्या आणि माझा जीव सोडा. साबणात राहिलं तरी गंजायचं नाही." ते मात्र त्याला पटलं. स्टेनलेसचे बोल्ट त्यानं असे निवडले, जणू सुनेचे दागिने निवडतोय. निवडले, फडक्यात पुसले, डब्यात ठेवले.

तरीही फुगा होईना. भोपळ्याएवढा व्हायचा आणि फट्कन जायचा. साबणाचं पाणी साळूबाई करायची. भांडी घासायचं लिक्विड, ग्लिसरीन, भिजवलेल्या डिंकाचं पाणी, आणि वर आणखी काय ते तिनं मला सांगितलं नाही. पाणी चांगलं होतं यात शंका नव्हती, कारण ती आपली वाटीत थोडं घेऊन, हातातली बांगडी काढून बुडवायची आणि फुंकायची, तर तिचे फुगे कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडच्या गल्लीत जायचे. सावळीरामचा जीव जळायचा.

"पाणी बरोबर हाय. म्हंजे माझा जोडच चुकतोय," असं म्हणून तो पुन्हा माझ्या दारात.

मोठी रिंग करायला घेतली तेव्हा दिवस थोडे उरले होते. लाईटच्या वायरिंगचा प्लॅस्टिक पाइप त्यानं गरम करून गोल वाकवला, माणूस आत मावेल एवढा. दोन टोकं जोडायला मी पाइपवर आवळायची पट्टी दिली, तिची शेपटी बाहेर राहायची, पडदा तिला लागून फाटे. मग पाइपच्या आत लाकडी गुल्ली बसवून, डोकं आत बुडणारे स्क्रू मारले, वरून हात फिरवला तरी जोड कळेना. ते काम खरंच देखणं झालं होतं. धरायला दोन बाजूंना दोन मुठी, नायलॉक नटांवर बसवलेल्या. पाइपला पाणी धरून ठेवायला काहीतरी सुती गुंडाळायचं होतं, त्यासाठी बाजारातून पायजम्याच्या नाड्यांचं बंडल आणलं. दुकानदार म्हणाला, एवढे पायजमे कुणाचे? सावळीराम म्हणाला, एकाच बाईसाठी हाय. तो दुकानदार काय समजला असेल ते देव जाणे.

कुंदन शनिवारी आला. रविवारी सकाळच्या गाडीनं साळूबाईला घेऊन जाणार होता. शनिवारी दुपारीच मी नवऱ्याला गल्ल्यावर बसवलं, "आज भांडण तुम्ही करा" म्हटलं, आणि मखमलाबादला गेले. सावळीरामच्या भावाच्या घरामागं, शेवंतीच्या कडेला, पाण्याच्या पाटाजवळ सगळा मांड मांडला होता. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब थोडी फुगवून आडवी टाकलेली, तिच्यावर प्लॅस्टिक अंथरून केलेलं तळं, त्यात साबणाचं पाणी, मधोमध पालथा लाकडी पाट. नुकतं पाणी दिल्यानं जमीन ओली होती, वारा पडला होता. सावळीरामची भावजय विमलाबाई शेजारपाजारच्या बायका घेऊन बांधावर बसली होती. बस येईपर्यंत बसतात तशी.

साळूबाई पाटावर उभी राहिली, लुगड्याचा घोळ आवरून. नवं लुगडं होतं. एका मुठीला सावळीराम, दुसरीला मी. रिंग पाण्यातून वर घेतली. पडदा घोट्यापर्यंत आला आणि फुटला.

पुन्हा. गुडघ्यापर्यंत, फुटला.

पुन्हा. त्याच्याही खालीच.

किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. बांधावरच्या बायका आधी 'अगंबाई' म्हणत होत्या, नंतर आपसांत बोलू लागल्या. सूर्य खाली चालला. सावळीरामच्या कपाळावर घाम होता आणि तो कशालाही 'ढिलं' म्हणत नव्हता. असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

कुंदन जवळ आला. चांगल्या मनानंच बोलला बिचारा. "बाबा, जाऊ द्या ना आता. आई परत येईल तेव्हा करू."

"परत म्हंजे कदी?" सावळीराम म्हणाला.

साळूबाई पाटावर तशीच उभी होती, पाय साबणात. "राहू द्या हो," ती म्हणाली. "एवढं केलंत, लय झालं." हे ऐकून तर त्याचा चेहरा आणखीच उतरला. तो खाली बसला. रिंग मांडीवर घेतली, पिशवीतून पाना काढला आणि मुठीचे नायलॉक नट आवळायला लागला. आवळून झाल्यावर सवयीनं खिशात हात घातला, ते काळं फडकं काढलं आणि नट, मूठ, नाडी, सगळी रिंग हळूहळू, मायेनं पुसू लागला.

मी ओरडले. इतक्या जोरात की विमलाबाईच्या मांडीवरचं पोर उठलं.

"भाऊ! ते काय करताय?"

"काय म्हंजे? पुसतोय."

"कशानं?"

"फडक्यानं."

"त्याला काय लावलंय?"

"तेल." मग माझा चेहरा बघून, "मशीनचं. चांगलं हाय."

साळूबाईनं वाकून पाण्यात बोटं बुडवली, एकमेकांवर घासली, उन्हाकडे धरली. बोटांवर तवंग होता. ती नवऱ्याकडे बघत राहिली. "अहो," ती म्हणाली, "तेलकट कढई टाकली का फेस बसतो, ह्ये मला विचारलं आसतं तरी सांगितलं आसतं. रोज लावता ह्ये?"

"रोज. काम झालं का पुसून ठिवतो. गंज चढू द्यायचा का?"

"गंज?" माझा आवाज फाटला. "स्टेनलेसला? मी तुम्हाला स्टेनलेस कशासाठी दिलं?"

त्यानं हातातल्या फडक्याकडे बघितलं, मग रिंगकडे, मग पुन्हा फडक्याकडे. "सवय हाय वहिनी," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "शिफ्ट संपली का हात आपोआप जातो."

आधी विमलाबाई हसली. मग सगळा बांध हसला. मी इतकी हसले की मला शेवंतीच्या सरीत बसावं लागलं. सगळे आयहुक, सगळे डोम नट, ती सगळी भांडणं, आणि फुगा रोज फुटत होता तो याच्या मायेनं! जित्याची खोड. कुंदनही हसत होता, बापापासून तोंड फिरवून. सावळीराम मात्र हसत नव्हता. तो सूर्याकडे बघत होता, किती उरलाय ते.

साळूबाई पाटावरून उतरली. "उघडा सगळं," तिनं सांगितलं. आता नट उघडणं आलं, आणि ते कुणी आवळले होते ते सगळ्यांना माहीत होतं. सावळीराम आणि कुंदन, बापलेक समोरासमोर बसले. एकानं बोल्ट धरला, दुसरा पान्याला भिडला. कुंदनच्या हाताला फोड आला. "बाबा, हे माणसासाठी केलंय की पुलासाठी?" तो म्हणाला, आणि सावळीरामला पहिल्यांदा हसू आलं. साळूबाईनं धुण्याच्या दगडावर एकेक बोल्ट राखेनं आणि साबणानं घासला. रिंग घासली. सावळीरामचे हात तिनं स्वतः घासले, कोपरापर्यंत, लहान पोराचे घासतात तसे, आणि तो उभा राहून घासून घेत होता. फडकं विमलाबाईनं काडीनं उचलून चुलीत टाकलं. त्याचा भडका बघण्यासारखा होता.

नाड्या तेलानं कामातून गेल्या होत्या. कुंदनच्या बॅगेतल्या पायजम्याची नाडी निघाली, मग बांधावरच्या बायका एकेक करून आत जाऊन आल्या आणि परकरांच्या नाड्यांचा ढीग झाला. त्या सगळ्याजणी मग पिना लावून, कंबर सावरत बसल्या होत्या. आमच्या नाशिकच्या बायका काही अगदीच बिचाऱ्या नाहीत. साबणाचं पाणीही उरलं होतं, कारण साळूबाई कुठलीही गोष्ट एकदम सगळी ओतत नाही. अर्धा हंडा तिनं झाकून ठेवला होता. तळं धुतलं, पाणी ओतलं, नट पुन्हा लावले. सावळीरामनं पाना उचलला. मी नुसतं बघितलं. त्यानं पाना खाली ठेवला आणि नट हातानं फिरवून, सैल, जिथं थांबले तिथं सोडून दिले.

सूर्य मावळतीच्या टेकड्यांना टेकला होता. साळूबाई पाटावर चढली. "हळू हां," मी सावळीरामला म्हटलं.

रिंग वर आली. पडदा तिच्या घोट्यावरून गेला, गुडघ्यावरून, कमरेवरून. मुठी आपसूक फिरत होत्या, म्हणून पडद्याला हिसका बसत नव्हता. तो खांद्यावर आला, मग डोक्यावर, आणि आम्ही दोघं चवड्यांवर उभी राहिलो. साळूबाई आत होती. तिच्या भोवती शेवंतीचा पिवळा, आभाळाचा तांबडा, आणि नाव न घेता येणारे आणखी कितीतरी रंग फिरत होते. बांधावरच्या बायका कंबर सावरत उभ्या राहिल्या. साळूबाईनं हात वर केले नाहीत, काही नाही, नुसती मान वर करून हसत राहिली. घोटीच्या कुंपणाशी उभी असलेली पोर मी पाहिली नव्हती, पण ती अशीच दिसत असणार. मला रडू आलं. हे मी कबूल करते आणि याबद्दल कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

फुगा फुटला. थेंब उडाले. बायकांनी एकच कल्ला केला.

"बघितलं का?" साळूबाईनं त्याला विचारलं.

सावळीराम रिंगकडेच बघत होता. "काय?"

"मला!"

"नाय," तो म्हणाला. "मी जोड बघत होतो. धरतोय का नाय ते."

आता ही बाई चिडेल असं मला वाटलं. मी असते तर रिंग त्याच्या डोक्यात घातली असती. ती खळखळून हसली, आणि त्याची बाही धरून त्याला ओढलं. "कुंदन, त्यांच्या हातातलं ते घे. तुम्ही या इथं. चपला काढा."

"अगं, माणसं बघतात."

"बघू द्या. बघायलाच आलीत."

पाट एका माणसाचा होता. दोघं अंग चोरून, एकमेकांना धरून कशीबशी उभी राहिली, आणि विमलाबाईनं पदर तोंडाला लावला. एका मुठीला कुंदन, दुसरीला मी. आम्ही उचललं. पडदा दोघांच्या भोवतीनं वर गेला, डगमगला, पुन्हा सरळ झाला, आणि त्याच्या डोक्यावरून पार झाला.

आत सावळीरामला बघायला कुठलाही जोड नव्हता. समोर साळूबाईच होती, हातभर अंतरावर. त्याच्या पिढीची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत, मी त्याच्या तोंडून नेहमी 'कुंदनची आई'च ऐकलं होतं.

"साळू," तो म्हणाला.

आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. कुंदन रिंग वर धरून तसाच थांबला, त्यानं ती खाली घेतली नाही.

"मीपण येतो."

आणि फुगा फुटला. साबण दोघांच्या डोळ्यांत गेला. साळूबाईनं पदराच्या टोकानं आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढंच म्हणायचं व्हतं, तर घरात म्हणायचं की हो! सगळा साबण संपवलात."